सरासरीची थापी

राजा हैबतरावांनी हुकूम काढला. राज्यातल्या सगळ्या शाळांची दर तीन महिन्यांनी एकच परीक्षा, एकाच दिवशी, एकाच घटकेला. आणि ज्या शाळेचे गुण राज्याच्या सरासरीहून वर नसतील, त्या शाळेला कुलूप!

ही अक्कल होती परीक्षाप्रमुख नरहरपंतांची. पंतांनी जन्मात एका पोराला बाराखडी शिकवली नव्हती, पण शाळा मोजण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. माझ्या ओळखीचा एक गूळवाला असाच होता. ढेप चांगली मुरतेय ना, हे बघायला रोज तिच्यात सळई खुपसायचा. पावसाळा येईतो ढेपेची चाळण झाली आणि गूळ मुंग्यांनी नेला. तरी हा पठ्ठ्या सांगत होता, तपासणीत आपण एक दिवस चुकलो नाही.

तर पंतांच्या परीक्षा सुरू झाल्या. मोहोरबंद कागद, दाराशी भालदार, पोरांच्या मधून फिरणारे कारकून. प्रश्न सगळे राजवाड्यात बसून काढलेले. चांदीची वाटी ताटाच्या कोणत्या अंगाला मांडावी, असाही एक होता. कुंभारवाड्याच्या पोरांनी लिहिलं, आमच्यात ताट एकच असतं, ज्याला जे अंग सापडेल ते त्याचं. पंतांनी त्याला शून्य दिलं.

तरीही पहिल्या परीक्षेत कुंभारवाडा कसाबसा सरासरीच्या वर राहिला. चाळीसातल्या एकोणीस शाळांना कुलपं लागली. दुसऱ्या परीक्षेत त्याच पोरांनी दोन गुण जास्तच मिळवले, आणि शाळा नापास झाली! सोमवारी कुलूप लावायला शिपाई येणार, असा निरोप आला.

चिमाई कुंभारणीची तिन्ही पोरं त्या शाळेत. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं, म्हणून तर पोरांनी शिकावं ही तिची धडपड. तिनं गुरुजींना विचारलं, गुण वाढले तरी शाळा बुडाली कशी? गुरुजींनी समजावलं की सगळ्या शाळांचे गुण एकत्र मिळवतात, शाळांच्या संख्येनं भागतात, येईल ती सरासरी. कमी गुणांच्या शाळा मागच्या खेपेला बंद पडल्या, म्हणून या खेपेला सरासरीच वर चढली. चिमाईनं चाकावरचा चिखल हातानं निपटला आणि म्हणाली, चला गुरुजी, दरबारात.

दरबारात तिनं सरळ सांगितलं की हा हुकूम चांगल्या शाळाही खाऊन टाकेल. पंत कुत्सित हसले. म्हणाले, मडकी थापणाऱ्या बाईनं राज्यकारभार शिकवावा, एवढंच बाकी होतं. राजाला मात्र गंमत वाटली. राजा हट्टी, त्यानं पैज लावली.

"माझ्या हुकुमानं एक तरी उत्तम शाळा बुडते, हे आत्ता, याच जागी दाखव. कागद नाही, बोरू नाही. जमलं नाही तर शाळेला कुलूप, आणि पुन्हा कुरकुर ऐकून घेणार नाही."

"दाखवते महाराज. माझी हातगाडी तेवढी आत येऊ द्या."

गाडीतून तिनं चार भांडी काढून ओळीनं मांडली. पणती, बोळकं, मडकं आणि घागर. ह्या शाळा समजा, म्हणाली. उंची म्हणजे गुण. पण ओळीत राजवाड्यातली शाळाही हवी, कारण हुकुमात सगळ्या शाळा म्हटलंय. राजानं मिशीला पीळ दिला आणि राणीच्या माहेरून आलेली निळी चिनी मातीची सुरई मागवली. सगळ्यांत उंच तीच होती.

चिमाईनं पंतांनाच मोजायला बसवलं. पणती दोन बोटं, बोळकं सहा, मडकं चौदा, घागर वीस, सुरई तेवीस.

"सरासरी किती, पंत?"

"तेरा," पंत ऐटीत म्हणाले.

तिनं मडकी थापायची लाकडी थापी उचलली आणि पणती अन् बोळकं फोडलं. उरल्या तिघांची सरासरी पंतांनी काढली, एकोणीस. मडकं फुटलं. मघाशी हेच मडकं पास होतं, असं गुरुजी हळूच पुटपुटले. मग उरली घागर आणि सुरई. सरासरी साडेएकवीस. वीस बोटांची, पाण्याला गार ठेवणारी, खणखणीत भाजलेली घागर एका ठोक्यात खापऱ्या होऊन पडली.

आता सुरई एकटीच उभी. दरबारी माना डोलवू लागले, की बघा, उत्तम तेच टिकतं. पंतांचा चेहरा तर उजळला.

"पंत, आता सरासरी?"

"एकच भांडं. तेवीसच की."

"आणि सुरईची उंची?"

"तेव..." पंत बोटांनी सुरई पुन्हा मोजू लागले.

चिमाईनं पदर खोचला आणि थापी सुरईवर उगारली.

"थांब!" राजा सिंहासनावरून उठलाच. "अगं बाई, ती माझी आहे! राजवाड्यातली!"

"व्हय महाराज. पण सरासरीहून वर कुठंय? सरासरीइतकीच हाय." थापी तशीच हवेत. "माझ्याकडं नका बघू. हुकूम तुमचा, सरासरी पंतांची. थापी तेवढी माझी."

राजानं एकदा खापऱ्यांकडे बघितलं, एकदा घामेजलेल्या पंतांकडे, आणि मग असा गडगडून हसला की भालदारांनाही हसू आवरेना.

त्याच दिवशी एकोणीसच्या एकोणीस शाळांची आणि दुसऱ्या खेपेला लागली तेवढी सगळी कुलपं निघाली असती, पण किल्ल्या कुठं ठेवल्या ते पंतांना आठवेना, म्हणून ती फोडावी लागली. निळी सुरई राजानं कुंभारवाड्याच्या शाळेला पाण्यासाठी बक्षीस दिली, चिमाईला साडीचोळी दिली. आणि ती सुरई पाण्यानं भरून, डोक्यावर घेऊन, भर पेठेतून शाळेपर्यंत पोचवायचं काम नेमून दिलं नरहरपंतांना.