सिपोराबाईंची तिथी

“पण मग माझी आई गेली कधी? शुक्रवारी, की शनिवारी?”

एलिशाकाका चौलकर सिनेगॉगच्या पायरीवर सुपारी कातरत बसले होते. शुक्रवारची दुपार कलली होती. अडकित्ता काही थांबला नाही.

“तू घरातच होतास ना, रूबेन?”

“होतो.”

“मग मला काय विचारतोस?”

रूबेन नवगावकर गप्प झाला, आणि हे नवलच होतं. हा पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारा गडी. हुशारीला कमी नाही, बोलण्याला तर नाहीच नाही. गावात उरल्यासुरल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरांच्या फोनमध्ये त्याने ज्यू पंचांग बसवून दिलं होतं. सण, उपास, शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागण्याची वेळ, सगळं रेवदंड्याच्या सूर्याप्रमाणे. एलिशाकाका गावचे हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. त्यांनाही तो म्हणाला होता, काका, आता आभाळाकडे बघायची गरज नाही. काका हसले होते आणि त्यांनी आपला फोन सुनेला देऊन टाकला होता.

आता सिपोराबाईंना, म्हणजे रूबेनच्या आईला, जाऊन वर्ष होत आलं होतं. तिथीला आईच्या नावाने कद्दीशची प्रार्थना म्हणायची, हे मुलाचं काम. एकुलत्या एका मुलाने पहिल्याच वर्षी दिवस चुकवला तर आईला काय वाटेल, या विचाराने त्याला चैन पडत नव्हतं.

तिथी घालायला त्याने पंचांग उघडलं, तर पंचांगाने उलट त्यालाच विचारलं: मृत्यू सूर्यास्ताआधी, की नंतर? ज्यूंचा दिवस सूर्य मावळला की बदलतो. आणि आई गेली ती शुक्रवारी, ऐन तिन्हीसांजेला.

डॉक्टरांचं घड्याळ धरलं, तर शनिवार. घर टेकाडावर, तिथे सूर्य जरा उशिरा मावळतो, म्हणून उंची भरली, तर शुक्रवार. शेजारच्या दिनाबाईंचं घड्याळ धरलं, पुन्हा शनिवार. सूर्यास्ताऐवजी चांदण्या दिसण्याची वेळ निवडली, पुन्हा शुक्रवार. शेवटी त्याने दोन्ही तिथ्या घातल्या, आणि तेव्हापासून फोनमध्ये आई दोनदा मरत होती.

हे सगळं त्याने काकांना सांगितलं. काकांनी ऐकलं.

“दोन्ही दिवशी म्हणू का?”

“म्हण की.”

“पण खरा दिवस कुठला?”

“त्या वेळेचं कोडं आपल्या जुन्या जाणत्यांनाही सुटलं नाही बाबा. दिवस म्हणावा, की रात्र...”

रूबेनला धीर यायचा तो राहिला बाजूला, डोक्यातला गुंता आणखीच वाढला. जाणत्यांनाच ठाऊक नाही, तर फोनला कुठून असणार?

काकांनी अडकित्ता खाली ठेवला आणि हात पुढे केला. रूबेनने फोन दिला. त्यांनी तो न बघताच पायरीवर उपडा ठेवला.

“तिने दिवा लावला होता?”

काकांनी विषय बदलला असं रूबेनला वाटलं. शब्बाथचा दिवा घरच्या बाईने लावायचा, आणि तो लागला की तिचा शब्बाथ लागला, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक.

“नाही.”

“का?”

“लावू का, म्हणून तिने विचारलं होतं. काडी हातात होती. मी फोन बघत होतो, काका. दिवा सूर्यास्ताआधी किती मिनिटं लावायचा, तेच त्यात बदलत होतो. म्हटलं, थांब आई, जरा नक्की करू दे. ती खुर्चीत टेकली. आणि मग...”

हे त्याने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगताना त्याला लाज वाटली, आणि रडूही आलं.

समोरच्या माडांच्या सावल्या अंगण ओलांडून पायरीपर्यंत आल्या होत्या. रूबेनने डोळे पुसले आणि सवयीने फोनकडे हात नेला. काकांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

“मग तिथी कुठली घालू, काका?”

“तिचा शब्बाथ अजून लागायचाय, रूबेन. घरी जा. दिवा लाव.”