बुटातल्या चिंध्या

आईशप्पथ सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. म्हणजे बूट नक्की खरे आहेत. बाकीच्याबद्दल छातीठोक काही म्हणत नाही.

"मेलेल्या माणसाचे बूट दारात ठेवतं का कोणी?" नयना विचारत होती. "तुम्हीच सांगा हिला, धोंडाई. माझं ऐकत नाही."

धोंडाई टेकडीखालच्या मठात एकटीच राहायची. लोक तिच्याकडे अडचणी घेऊन यायचे आणि बहुतेक वैतागून परत जायचे. आत्ता ती शेंगा फोडत बसली होती.

"कोणाचे बूट?"

"बाबांचे. जाऊन सहा वर्षं झाली. होते तेव्हा दोघींना बडवायचे. शाळेतून आले की मी आधी दार बघायचे. बूट दिसले की मागल्या दाराने आत. आता कामावरून येते. बूट आहेतच. मागलं दार आहेच!"

नयनाची आई, वत्सला, मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती. पिशवीत तेच बूट.

"दोन बायकांचं घर आहे, धोंडाई," ती म्हणाली. "दारात पुरुषाचं पायताण दिसलं की कोणी वाकड्या नजरेनं बघत नाही."

"आणि पाऊस पडला की ही त्यांना चिखल लावते! वापरातले वाटावेत म्हणून!"

"मग? भर पावसात कोरडे बूट बघून लोक काय म्हणतील?"

धोंडाईला हे पटल्यासारखं दिसलं. नयनाने कपाळाला हात लावला.

"मला नाशिकला नोकरी लागलीय. सोमवारी निघायचंय. हिला इथं एकटी टाकून मला जायचं नाही. पण ते बूट मी घरात घेणार नाही, आणि ही म्हणते बुटांशिवाय येणार नाही. एकदा सांगा ना, टाकून दे म्हणून!"

"दारात ठेव बघू," धोंडाई वत्सलाला म्हणाली.

वत्सलाने मठाच्या दारात बूट ठेवले. काळे, जाडजूड, जोडीने नीट...

थोड्या वेळाने एक माणूस नारळ घेऊन आला. बूट बघून दोन पावलं मागे सरकला आणि बाहेरच उभा राहिला.

"कोणी साहेब आलेत का?" त्याने हळूच विचारलं.

"थांब जरा," धोंडाई म्हणाली. मग नयनाकडे वळली. "काम तर चोख करतात."

वत्सला बऱ्याच दिवसांनी हसली. नयनाला धड रडता येईना, धड ओरडता येईना.

"मी तुमच्याकडे आलेच कशाला?"

"मला काय माहीत? घाल ते."

"काय?"

"बूट. पायात."

"मी? त्यांचे?"

धोंडाईने आणखी एक शेंग फोडली...

नयना तणतणतच उठली. दारात जाऊन पाय घुसवला. जाईना. जोर लावला. टाच बाहेरच.

"लहान आहेत," ती म्हणाली. मग स्वतःच थांबली. "लहान... कसे असतील?"

"लहान नाहीत," वत्सला जमिनीकडे बघत म्हणाली. "पुढे चिंध्या आहेत."

"कसल्या चिंध्या?"

"माझ्या लुगड्याच्या. ह्यांचा पाय लहान होता गं. पोरासारखा. मग मोठे बूट घ्यायचे आणि पुढे... मीच कोंबून द्यायचे. रोज सकाळी."

बाहेर नारळवाल्याने कान टवकारले.

"आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"कोणाला बोललीस तर जीव घेईन म्हणाले होते."

"आई, ते मेलेत. सहा वर्षं झाली."

"हो..." वत्सला म्हणाली. "खरंच की."

नयनाने आत बोटं घालून चिंध्या ओढल्या. येतच राहिल्या. हिरव्या, किरमिजी, एक तर तिच्याच फ्रॉकची. मग तिने पाय घातला. बसला. अगदी मापात.

"म्हणजे माझा पाय त्यांच्यापेक्षा मोठा?"

"नववीत होतीस तेव्हापासून."

नयना अंगणात चालायला लागली. धप्. धप्. धप्.

वत्सलाचे खांदे आपसूक आखडले. डोळे मिटले. मग तिने एक डोळा उघडला. समोर पोरगी होती. पंजाबी ड्रेस आणि बूट.

"पाय घासू नकोस," वत्सला म्हणाली. "टाच झिजते."

नारळवाल्याने अदबीने वाट दिली.

"अहो, पण ठरलं काय?" नयना अंगणातूनच ओरडली. "टाकायचे का न्यायचे? तुम्ही तर काहीच सांगितलं नाहीत!"

धोंडाईने चिंध्यांच्या ढिगाकडे हात केला.

"त्या दे इकडे. माझ्या वाती संपल्यात."

"बुटातल्या चिंध्या?" वत्सला दचकली. "देवापुढे?"

"देव काय वास घेत बसलाय? आण. सकाळपासून फुकट बसलात, तेवढी दक्षिणा तरी टाका."