दौतीची कोंड

किंदळे गावाच्या वर, चढण संपून रान दाट होते तिथे, ओढ्याच्या वाटेत एक खोल कोंड आहे. तिचे पाणी काळे आहे. ओंजळीत घेतले तर स्वच्छ, कोंडीत पाहिले तर दौतीतल्या शाईसारखे. काठच्या सपाट कातळावर गवताच्या चटया पडलेल्या दिसतात. काही ताज्या, काही कुजून मातीला मिळालेल्या. पाहुणे विचारतात, हा कचरा इथे कोण टाकतो? तो कचरा नव्हे. चटयांना हात लावू नका एवढेच सांगून पुढे जावे, पण कुणीतरी कारण विचारतेच, आणि सांगायला बसले की ऊन उतरते.

पाण्याच्या रंगाचे कारण शिकलेले लोक पडलेल्या पानांत आणि दगडातल्या लोखंडात शोधतात. असेलही. ते नाकारण्याइतके ज्ञान इथे कुणापाशी नाही. गावात मात्र दुसरे सांगतात.

तेव्हा गोव्यावर फिरंग्यांचे राज्य होते. लिस्बनमधला राजा नुकताच पायउतार झाला होता आणि हिंदूंनाही कचेऱ्यांत जागा मिळू लागल्या होत्या. त्या दिवसांत किंदळ्याचा नागेश शेणवी सरकारी नोटारी झाला. लोक त्याला नोटारबाब म्हणत. खरेदी असो, वाटणी असो, मृत्युपत्र असो, त्याची सही आणि शिक्का पडल्याशिवाय कागद खरा होत नसे. कागद फिरंगी भाषेत लिहावा लागे. पण अंगठा घेण्याआधी तो सगळा मजकूर आपल्या भाषेत, मोठ्याने, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचून दाखवी. कुणी घाई केली तर म्हणे, "अंगठा तुझा आहे बाबा. आधी कानावरून जाऊ दे, मग कागदावर."

त्याची बायको म्हाळसा आत चुलीशी बसून हा आवाज ऐकत असे. कुणाच्या शेताच्या चतुःसीमा, कुणाच्या विहिरीचे पाणी, सगळे तिच्या कानावरून जाई. तिला कागदांशी देणेघेणे नव्हते. ओसरीवर तो आवाज चालू आहे, म्हणजे घर जागेवर आहे, असे तिला वाटे.

गावाचे रान चाळीस घरांचे सामाईक होते. पिढ्यानुपिढ्या वापरात, पण कुठल्याच कागदावर नव्हते. नोटारबाबाला ही काळजी खाई. त्याने गावकऱ्यांना बसवून सांगितले, "लिहिलेले कुणी हिरावून घेऊ शकत नाही." दोन महिने रानात हिंडून त्याने सीमा लिहिल्या, झाडे लिहिली, झरे लिहिले. आणि खोटे लिहायचे नाही म्हणून हेही लिहिले, की या रानाचा याआधीचा कोणताही दस्त गावापाशी नाही. चाळीस अंगठे उमटले. गावाचा मुख्य भागो गावकर अंगठा पुसत म्हणाला होता म्हणे, "नोटारबाब, आमका वाचूक येणा नाय. तू वाचलंस, म्हणजे झाला."

वर्ष उलटायच्या आत सरकारचे लाकूडतोडे आले. ज्या जमिनीचा जुना दस्त नाही ती सरकारची, असा कायदा होता. आजवर त्या रानाच्या सीमाच सरकारला ठाऊक नव्हत्या. आता त्या सुवाच्य अक्षरात, शिक्क्यासह, सरकारच्या हाती होत्या.

नोटारबाब पणजीच्या कायदेसभेवर निवडून गेला. काळा कोट घालून दोन वर्षे तिथे बोलत राहिला. तिकडून एकच उत्तर येई: कागद तुमचाच, अक्षर तुमचे, सही तुमची. खालचे अर्धे रान तोडून झाले. त्या दिवशी त्याने कोट खुंटीला टांगला, म्हाळसेला म्हणाला, "जेवायला थांबू नकोस," आणि डोंगर चढून गेला. चाळीस घरांतले पंचवीस जण त्याच्या मागून गेले. त्यांनी लाकडाचे गाडे उलटवले, वाटा अडवल्या, शिपायांच्या बंदुका हिसकावल्या. सभेत बसणारा माणूस बंडखोर झाला.

म्हाळसा जेवायला थांबलीच. एक दिवस नव्हे, तीन वर्षे. दोन पाने मांडायची आणि एक झाकून ठेवायचे. ओसरी मुकी झाली होती. कधी कधी ती खुंटीवरच्या कोटाला विचारी, "आज काय लिहिलंत?" आणि स्वतःच्याच आवाजाने दचके.

वरच्या अर्ध्या रानाच्या मालकीचा खटला लिस्बनला जाऊन अडकला होता. तो निकाली काढायला सरकारला एकच सही हवी होती. चाळीस घरांनी रान राजीखुशीने सोडले, असे मूळ नोटारीने लिहून दिले की झाले. शिपायांना जमले नाही ते बायकोच्या ओढीला जमेल, असे तालुक्याच्या फिरंगी प्रशासक साहेबाला वाटले. त्याने शिक्क्याचा कागद, टाक आणि भरलेली दौत म्हाळसेच्या हाती दिली. "एवढी सही आणा. ते उद्यापासून घरी. कुणी बोट लावणार नाही."

साहेबाचा हिशेब चुकला नव्हता. म्हाळसेला तो घरी हवाच होता. तिने हळदीच्या पानात पातोळ्या वाफवल्या, कागद-दौत पदराखाली घेतली आणि सकाळीच निघाली. वाटेवर भागो गावकर भेटला. तो आता म्हातारा झाला होता. पदराआडून दिसणारी दौत त्याने पाहिली.

"गे म्हाळसाबाय, ह्या खंय घेवन चललंस?"

"त्यांना घरी आणायला चाललेय."

भागोने तोडलेल्या खोडांकडे पाहिले. मग एवढेच म्हणाला, "हाड तेका घराक. आमचोय जीव तुटता तेच्यासाठी." आणि पुढे होऊन वाट दाखवू लागला. त्याने अडवले असते तर तिला भांडता आले असते.

नोटारबाब कोंडीच्या काठी होता. तेव्हा तिचे पाणी इतर कोंडींसारखेच निवळ होते, असे सांगतात. म्हाळसेने त्याला आधी ओळखलेच नाही.

"ही दाढी कुणाच्या परवानगीने वाढवलीत?"

"इथे न्हावी नाही गो. आरसाही नाही. या पाण्यात दिसतो तेवढाच मी."

"मग पाण्याला चांगलं बघायची सवय नाही म्हणायची."

तो हसला. भागो पाठ करून लांब जाऊन बसला. नोटारबाबाने पातोळ्या खाल्ल्या आणि पान चाटूनपुसून स्वच्छ केले. मग त्याने स्वतःच हात पुढे केला. "आण तो कागद. साहेबाचा निरोप रानातही पोचतो. मी दमलोय, म्हाळसा. मला घरी यायचंय."

तीन वर्षे जे ऐकायला ती जगली होती, ते त्याने न विचारता म्हटले. तिने कागद दिला, टाक दिला. दौतीचे झाकण काढले. आणि मग, केवळ तो आवाज ऐकायला कान आसुसले होते म्हणून, ती म्हणाली, "आधी वाचा ना. पूर्वीसारखं, मोठ्याने."

तो वाचू लागला. पहिल्या ओळींत गावाचे नाव आले, सीमा आल्या, झरे आले. आवाज तोच होता. तिने डोळे मिटले. ओसरी, चूल, घर, सगळे जागेवर आले. "...आणि उपरोक्त चाळीस घरांनी आपल्या राजी..."

आवाज थांबला. त्याने पुन्हा मागून सुरुवात केली. पुन्हा त्याच शब्दावर थांबला. तिसऱ्यांदा ओठ हलले, आवाज आला नाही. मग तो घाईने म्हणाला, "राहू दे. वाचायला कशाला हवं? दौत इकडे कर."

म्हाळसेने डोळे उघडले. स्वतःला वाचता न आलेल्या कागदावर हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा सही करायला निघाला होता. उद्या तो घरी येईल, कोट घालेल, ओसरीवर बसेल. पण ओसरीवरून आवाज येईल का? तो बसलेला असेल आणि घर मुकेच राहील. तिला रानाचे काय करायचे ते कळत नव्हते. हे मात्र कळले.

तिने दौत कोंडीवर उपडी केली.

 काळा रंग पाण्यात उतरत गेला तो दोघे बघत राहिले. मग तो म्हणाला, "आता मला येता यायचं नाही, म्हाळसा."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी येत जाईन."

ती दर महिन्याला चढून येई. सोबत दोन चटया आणी. एक स्वतःला, एक त्याला. सातव्या महिन्यात त्याची चटई रिकामी राहिली. कुणी म्हणतात, त्याला पकडून जहाजाने दूर तिमोर बेटावर नेले. कुणी म्हणतात, तो तापाने रानातच गेला. नक्की कुणालाच माहीत नाही. म्हाळसा त्यानंतरही तीस वर्षे येत राहिली. तू केलेस ते बरोबर होते का, असे उतारवयात कुणी विचारले, तर ती म्हणे, "ज्या दिवशी घर फार शांत वाटतं, त्या दिवशी नाही वाटत." एवढेच तिचे उत्तर गावाने जपून ठेवले आहे. सहीवाचून खटला लिस्बनमध्येच पडून राहिला आणि वरच्या रानाला कुऱ्हाड लागली नाही.

आजही किंदळ्यात सोयरीक जुळवायची असली, घरे वेगळी करायची असली किंवा जमीन विकायची असली, तर दोन्ही बाजू आधी कोंडीवर येतात. कागद-टाक खालीच ठेवून येतात. कातळावर तीन चटया अंथरतात आणि ठरवायचे ते सगळे मोठ्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलतात. मध्येच कुणाचा आवाज अडला, तर त्या दिवशी काही ठरत नाही. न रागावता सगळे उतरतात. अडला नाही, तर वरच्या वाटेकडे बघत थोडा वेळ थांबतात. मग आपल्या दोन चटया गुंडाळतात. तिसरी नेहमी नवी असते, तिचे तोंड रानाकडे असते, आणि ती तशीच अंथरलेली ठेवून लोक खाली येतात.