झाकणावरची रेघ

"आता आणखी काय बघायचं राहिलंय, चाचा?"

इलाही मिस्त्रींनी बोट उलटी करून मांडीवर घेतली आणि तिच्या पोटावरून तळवा फिरवला. मागून पुढं. मग पुढून मागं.

विचारणारा सन्मती मगदूम. वय बत्तीस, स्वतःचं मशीन शॉप, आणि माळवाडीच्या तळ्यात आजवर उतरलेली सगळ्यात वेगवान बोट त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेली. पावणेतीन फूट लांब, लालभडक, रिमोटवर पळणारी. वेग ताशी एकशे दहा किलोमीटर. हा वेग त्यानं दोनदा मोजला होता आणि आम्हाला वीसदा सांगितला होता.

उद्या रविवार, उद्या शर्यत. मिस्त्रींचा ताशी शहाण्णव किलोमीटरचा विक्रम बारा वर्षं कुणी मोडलेला नाही. सन्मती तो मोडणार याबद्दल तळ्यावर कुणाला शंका नव्हती. स्टॉपवॉच माझ्याकडं असतं, मला तर मुळीच नव्हती.

पण आमच्या तळ्याची एक रीत आहे. शनिवारी सकाळी बोटी मिस्त्रींकडं ठेवून जायच्या आणि संध्याकाळी न्यायच्या. मधल्या वेळात ते एकेक बोट तपासतात, झाकण चिकटपट्टीनं बंद करतात, कानावरची सुतारी पेन्सिल काढतात आणि पट्टीवर एक तिरकी रेघ मारतात. रेघ नाही, तर रविवारी पाणी नाही.

एकाहत्तर वर्षांचा हा माणूस जन्मभर फाउंड्रीसाठी लाकडी साचे बनवत आला. त्याच्या रेघेवर कुणी वाद घालत नाही.

सन्मतीनं मात्र बोट ठेवून जायला नकार दिला होता. "ही माझ्या नजरेआड नको," म्हणाला. तो थांबला म्हणून गंमत बघायला मीही थांबलो.

"चाचा," तो म्हणाला, "दर शनिवारी संध्याकाळी बघतो, तुमची विजार कमरेपर्यंत भिजलेली असते. शेवाळ काढायला माणूस लावू का? पगार माझ्याकडून. या वयात कशाला भिजायचं?"

"माणूस लावून भिजता येत न्हाई," मिस्त्री म्हणाले.

सन्मती माझ्याकडं बघून हसला. मीही हसलो. चाचा शेवाळ काढायला पाण्यात उतरतात, हा अंदाज माझाच होता.

मिस्त्रींनी बोट सरळ केली.

"आत थर्माकोल?"

"ठासून भरलाय. उलटली तरी बुडायची नाही."

"मागचा पंखा?"

"धार लावलीय. तोल बघितलाय. केस कापेल."

"सुकाणू?"

"माझ्याच मशीनवर काढलंय. तसं या जिल्ह्यात दुसरं नाही."

त्यात खोटं काहीच नव्हतं. काम खरोखर देखणं होतं. मिस्त्रींनीही मान डोलावली, आणि ते उगाच मान डोलावणारे नव्हेत.

"तुझं ऐकती का?"

"चाचा, बायको ऐकत नाही एवढी ऐकते."

"आणि ऐकू आलं न्हाई तर?"

"तसं होत नाही. अर्ध्या किलोमीटरवरून सिग्नल पकडते. सगळ्यात भारी रेडिओ टाकलाय."

"भारी असंल. मी इचारलं, ऐकू आलं न्हाई तर काय करती?"

सन्मतीनं घड्याळात बघितलं.

"थांबते."

"बघितलंस?"

"बघायचं काय त्यात? सिग्नल तुटला की मोटर बंद. पुस्तकात लिहिलंय. आजकाल सगळ्यांत असतंच ते."

मिस्त्रींनी बोट मांडीवरून खाली ठेवली.

तळ्याच्या पायरीवर रंगराव भोई ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये हवा भरत होता. शर्यतीत एखादी बोट तळ्याच्या मध्यावर बंद पडली, की ट्यूबवर बसून हातानं पाणी मारत तो ती घेऊन येतो. चौदा वर्षं हेच करतोय. मध्यावर तो असतो आणि त्याच्या आजूबाजूनं बाकीच्या बोटी पळत असतात.

"रंगराव, ट्यूब झाली?"

"झाली की."

"ह्याला दे."

सन्मतीला कळेना. "मला?"

"तीस फुटांवर जाऊन बस. कमरेएवढंच पाणी हाय. रिमोट मी धरतो. तू हिच्यासमोर बस, मी रिमोट बंद करतो."

"एवढंच ना?" सन्मती म्हणाला. आणि खरंच, त्याच्या आवाजात तसूभर फरक नव्हता. त्यानं पाठ फिरवली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मोबाईल माझ्याकडं दिला आणि ट्यूब घेऊन पाण्यात उतरला.

रंगरावनं बोट पाण्यात धरली, दोन्ही हातांनी, कुशीला. नाक सन्मतीकडं.

मिस्त्रींनी रिमोट घेतला. वेगाची दांडी अंगठ्यानं जराशी पुढं केली. मोटर गुणगुणायला लागली.

"बसलास?"

"बसलो! करा बंद!"

मिस्त्रींनी बंद केला नाही. नुसते बघत राहिले.

तळं शांत होतं. गुणगुण पाण्यावरून सरळ सन्मतीपर्यंत जात होती.

सन्मतीची ट्यूब हातभर डावीकडं सरकली.

"का सरकलास?"

"पाणी ढकलतंय, चाचा."

"तळ्याचं पाणी कधीपासनं ढकलाय लागलं?"

सन्मतीनं ट्यूबची कड घट्ट धरली.

"परत ये, समोर."

तो आला. मग पुन्हा थोडा सरकला. या वेळी उजवीकडं.

"तोंड म्हणतंय थांबती," मिस्त्री म्हणाले. "बूड काय म्हणतंय?"

"चाचा, करा ना बंद!"

मिस्त्रींनी रिमोट बंद केला.

अर्धा क्षण काहीच झालं नाही.

मग मोटरनं असा आवाज काढला की काठावरचे बगळे उडाले. पूर्ण वेगाचा आवाज. एकशे दहाचा. रंगरावच्या हातात बोट थरथरायला लागली.

"सोड, रंगराव."

रंगरावनं सोडली.

सन्मती ट्यूबवरून मागच्या मागं पाण्यात गेला. वर आला तेव्हा डोक्यावर शेवाळ होतं आणि दोन्ही हात तोंडापुढं होते.

बोट होती तिथंच होती. किंचाळत होती आणि तसूभरही हलत नव्हती.

मिस्त्री वाकले. बोटीच्या पाठीवर लाल वायरची एक कडी असते, ती ओढली की बॅटरी तुटते. त्यांनी ती ओढली. आवाज मेला.

मग त्यांनी खिशातून बोटीचा पंखा काढला आणि सन्मतीला दिसेल असा पायरीवर ठेवला. पँट दुमडण्यासाठी त्यानं पाठ फिरवली, तेवढ्यात काढलेला.

मला हसू आलं होतं. ते तिथंच विरलं. कारण मी रंगरावकडं बघितलं. बोट सोडली तरी तो हात तसेच पुढं धरून उभा होता, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

सन्मती ट्यूब ओढत, निथळत वर आला. आधी रिमोट हातात घेतला. बंदच होता. चालू केला, बंद केला, पुन्हा बघितला.

"हे कसं शक्य आहे? थांबायला पाहिजे होती..."

"रिमोट आणि बोट यांची वळख करून देतोस तू. एकदाच. त्या वक्ताला अंगठा कुठं होता?"

सन्मती पायरीवर बसला.

इथं एवढंच सांगायला हवं की नवा रेडिओ बसवला, की रिमोट आणि बोटीतला रिसीव्हर एकमेकांना जोडून घ्यावे लागतात. त्या क्षणी वेगाची दांडी जिथं असेल, ते रिसीव्हर लक्षात ठेवतो. पुढं कधी सिग्नल तुटला, तर तो तिथंच जातो. दांडी मागं होती, तर बोट थांबते.

"पुढं होता," सन्मती म्हणाला. "फोन आला होता. इस्लामपूरच्या एकाला वेग सांगत होतो. एकशे दहा, एकशे दहा... आणि दांडी पुढं ढकलून बसलो होतो. मोटरची बॅटरी जोडलेली नव्हती. आवाज झाला नाही. कळलंच नाही."

त्यानं अंगठ्याकडं बघितलं.

"भिऊ नको," मिस्त्री म्हणाले. "अंगठा मागत न्हाई."

सन्मती हसला नाही. त्यानं मान वर करून रंगरावकडं बघितलं. आजवर तो त्याला 'ओ ट्यूबवाले' अशी हाक मारायचा.

"मामा, उद्या तुम्ही पाण्यात असणार होता."

"असणारच की," रंगराव म्हणाला. "दर ऐतवारी असतो."

सन्मतीनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मला लाज वाटतीय, मामा," तो म्हणाला. हे त्यानं सरळ, मोठ्यानं म्हटलं, आणि मी ते ऐकलं याचं त्याला काही वाटलं नाही.

रंगरावनं नुसता हात हलवला.

त्यानंतर सन्मतीनं बोट पुसली आणि उघडली. जोडणी मोडली, पुन्हा केली. या वेळी त्यानं दांडी पार मागं ओढून धरली होती, अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत. मग पंखा न लावता तपासलं. रिमोट बंद, मोटर बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. सात वेळा. मी मोजलं.

मग पंखा बसवला, झाकणावर कोरी पट्टी ओढली आणि बोट मिस्त्रींपुढं धरली.

"आता थांबते, चाचा. स्वतः बघितलं. मारा रेघ."

मिस्त्रींनी कानावरून पेन्सिल काढली. पट्टीवर टेकवली...

आणि तशीच धरून सन्मतीकडं बघत राहिले.

उडालेले बगळे एकेक करून परत आले. शेवटी सन्मतीनं बोट रंगरावच्या हातात दिली, रिमोट मिस्त्रींच्या हातात दिला आणि ट्यूब उचलली.

या वेळी त्यानं पँट दुमडली नाही. ती ओलीच होती म्हणा.

तीस फुटांवर जाऊन तो बसला. पंखा बोटीवर होता, आणि तो त्यानंच बसवला होता.

"सोडा!"

रंगरावनं बोट सोडली. मिस्त्रींनी तिला माणसाच्या चालीनं नेलं, त्याहून जास्त नाही. तरीही समोरून येणारी ती लाल बोट बघताना मी दोन पावलं मागं सरलो, आणि मी तर काठावर होतो.

मिस्त्री बोटीकडं बघत नव्हते. ते सन्मतीच्या कोपरांकडं बघत होते.

पंधरा फुटांवर त्यांनी रिमोट बंद केला.

मोटर गप्प झाली. बोटीनं नाक पाण्यात टेकवलं, रेंगाळत पुढं आली आणि वासरानं ढुशी द्यावी तशी ट्यूबला लागली.

सन्मती जागचा हलला नव्हता.

त्यानं बोट छातीशी धरली आणि पाणी कापत काठावर आला. चेहऱ्यावर सकाळचाच विश्वास होता. पण सकाळी तो आम्हाला दाखवत होता, आता त्याला कुणाला दाखवायचं नव्हतं.

"उद्या तुमचा विक्रम मोडणार, चाचा."

"मोड की. बारा वर्सं वाट बघतोय."

सन्मतीनं झाकण पुसलं. भिजलेली पट्टी काढली, नवी लावली, अंगठ्यानं दाबून कडा बसवल्या आणि बोट पुढं केली.

"आता तरी मारा."

मिस्त्रींनी पेन्सिल त्याच्याच हातात दिली.

सन्मती गडबडला. "मी? चाचा, रेघ तर तुम्ही मारता. प्रत्येक बोटीवर तुम्हीच मारता."

मिस्त्रींनी आपल्या विजारीकडं पाहिलं. शनिवार असूनही ती कोरडीठाक होती. शेवाळासाठी ते पाण्यात उतरतच नव्हते, हे मला तेव्हा उमगलं.

"भिजलंय कोण?"