रेलकीची वाट

सातपुड्यात सडक यायच्या कितीतरी पिढ्या आधीची ही गोष्ट. तेव्हा लमाणांचे तांडे बैलांवर मीठ लादून डोंगरापलीकडच्या गावांना जायचे. मधलं जंगल इतकं दाट, की वाटाड्याशिवाय कुणी आत शिरत नसे. आणि साऱ्या वाटाड्यांत पहिलं नाव घ्यायचं ते कुंदापाणी पाड्यावरच्या रेलकीचं. डोळे बांधून जंगलात सोडलं, तरी पायाखालची माती ओळखून ती घरी यायची, असं म्हणतात.

एका चैत्रात ती भोजा नायकाचा तांडा घेऊन निघाली. तीनशे बैल, बायकापोरं, म्हातारे. भर दुपारी वणवा पेटला. मागून आग, पुढूनही आग. डाव्या हाताला एक घळ होती, पण इतकी अरुंद, की लादलेला बैल तिच्यात मावेना.

"गोण्या उतरवा," रेलकी म्हणाली.

"मीठ टाकलं तर पलीकडची माणसं वर्षभर अळणी खातील, बाय," नायक म्हणाला. "मी त्यांना शब्द दिलाय."

"शब्द मीही दिलाय, नायका. आधी माणसं आणि जनावरं पोचवते. मग मिठासाठी परत येते."

नायकानं पहिली गोणी स्वतः उतरवली.

रेलकी पुढे झाली. घळीतला खडक तव्यासारखा तापला होता, आणि ती अनवाणी. पण तिचं पाऊल पडेल तिथला दगड गार व्हायचा, असं म्हणतात. त्या गार ठशांवर पाय ठेवत सगळा तांडा पार झाला. एक वासरूसुद्धा मागे राहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी आग विझली. रेलकीच्या तळव्यांची सालं निघाली होती. नायक हात जोडून म्हणाला, "बस कर आता." तिनं पायांना पळसाची पानं बांधली आणि निघाली. वणव्याची बातमी ऐकून आलेली कुंदापाणी पाड्यावरची माणसं टोपल्या घेऊन तिच्यामागे गेली. गोण्यांची राख झाली होती, पण मिठाचे ढीग पांढरेशुभ्र, जागच्या जागी. सात दिवस सगळ्यांनी ते मीठ डोक्यावरून वाहिलं. पलीकडच्या एकाही घरात मीठ कमी पडलं नाही.

शेवटची टोपली उतरवून रेलकी जंगलात शिरली, ती पुन्हा दिसली नाही. ती वाटेतच मिसळून गेली, असं म्हणतात.

कुंदापाणीत आजही परक्यानं रस्ता विचारला, तर कुणी नुसतं बोट दाखवत नाही. हातातलं काम खाली ठेवून माणूस उठतो आणि पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत सोबत चालतो. एवढी तसदी कशाला, असं विचारलं, तर ताठ मानेनं सांगतो, "आम्ही रेलकीच्या गावचे."