साठ पावलांची पट्टी

फार फार वर्षांपूर्वी, नदीकाठच्या एका नगरात, विहिरीवर एक वाक्य अर्धंच राहिलं.

दोन बाया पाणी शेंदत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "अगं, नदीकडे तो नवा मांडव पडलाय ना, तिथून म्हणे माणूस वर्षाच्या आत जमिनीचा धनी होऊन..." तेवढ्यात रहाट कुरकुरला, घागर कठड्यावर आपटली, आणि दोघींचा विषय घागरीला पडलेल्या पोच्यावर गेला.

विहिरीचा दोर तपासायला आलेल्या दोरवाल्याला मात्र तेवढंच पुरलं. पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही.

हा दोरवाला अंबाडीच्या वाखाचे दोर वळायचा. घरामागे आजोबांच्या वेळची एक पट्टी होती. रुंदी चार पावलं, पण लांबी साठ पावलं, राजरस्त्यापासून थेट नदीपर्यंत. दोर वळायला जागा लांबच लागते, बरं का! जमीन जेवढी लांब, तेवढाच दोर अखंड. रस्त्याकडच्या टोकाला बायको चाक फिरवायची, आणि हा कमरेला वाख बांधून, तिच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी नदीकडे सरकत जायचा. दिवसभर दोघांचं बोलणं त्या अंतरावरून, मोठ्या आवाजात. त्यांच्याकडे आमटी अळणी झाली तरी आळीला कळायचं, आणि रुसवा निघाला की आळीलाही बरं वाटायचं.

त्या वर्षी एक परका माणूस अधूनमधून पट्टीच्या नदीकडच्या टोकाला येऊन बसायचा. डोक्यावर मळका पंचा, हातात काठी. पावसाळ्यात आला, थंडीत आला, उन्हाळ्यातही आला. दोरवाल्याची त्याच्याकडे पाठच असायची. बायकोला तो समोर दिसायचा. दुपारी ती त्याला तांब्याभर पाणी नेऊन द्यायची.

"कोण गं तो?" दोरवाला ओरडून विचारी.

"असेल कुणी वाटसरू! तुम्ही पीळ सोडू नका!" ती ओरडून सांगे.

तर, विहिरीवरून दोरवाला तडक मांडवात गेला. उंच आसनावर भरजरी पागोटं घातलेला एक पंडित बसला होता. पहिल्या दिवशी ऐकणं फुकट, वर बुंदीचा लाडू. पंडित म्हणाला, "जमीन मिळवण्याचे सात मंत्र आहेत. गरीब गरीब का राहतो? त्याला ते कुणी सांगत नाही म्हणून."

मग बोटात खड्याची अंगठी घातलेला एक माणूस उभा राहिला आणि डोळे पुसत म्हणाला, "मी दारोदार भीक मागायचो हो! सातवा मंत्र ऐकला, आणि आज माझी बारा शेतं आहेत."

दोरवाला पुढे सरकून बसला. राजाचे मोजणीदार अख्खं राज्य त्याच्याच दोरांनी मोजायचे. दुसऱ्यांची शेतं मोजायला दोर द्यायचे, आणि आपली जमीन चार पावलं रुंद! ते त्याला कधीचं सलत होतं.

पहिले तीन मंत्र ऐकायला बायकोच्या पायातले तोडे गेले. तिने काढून दिले, पण विचारलं, "काय सांगितलं त्यानं?"

"स्वस्तात घ्यावी, महाग विकावी."

"हे तर भाजीवालीला पण कळतं की!"

"तू नको बोलूस. पंडित म्हणाले, घरच्यांना विचारत बसतो तो जन्मभर घरातच बसतो."

त्या दिवशी पट्टीवरून आळीला फक्त चाकाचा आवाज ऐकू आला.

आळीच्या तोंडाशी एक म्हातारा मोजणीदार राहायचा. पन्नास वर्षं त्याने जमिनी मोजल्या होत्या. त्यानेच दोरवाल्याला हाक मारली. "लेका, जमीन घ्यायचीय म्हणे तुला? ये, बस. पान लाव एक."

दोरवाल्याने पान लावून दिलं. म्हातारा चघळत म्हणाला, "घ्यायच्या आधी तिन्ही ऋतूंत तिथं जाऊन बसायचं. पाणी कुठं साचतं ते बघायचं. शेजारी कसा आहे ते बघायचं. झालं."

"एवढंच?"

"एवढंच. पन्नास वर्षांत याच्यापुढे काही सापडलं नाही मला."

दोरवाला मनात हसला. एका पानात मिळणारी विद्या ती काय असणार!

उरलेले चार मंत्र आतल्या मांडवात सांगायचे होते. त्यांचं मोल ऐकून दोरवाला उठून निघाला. तेव्हा अंगठीवाला जवळ आला आणि मायेने खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रोख नसेल तर जमीन चालेल. घरामागे तुमची ती चिंचोळी पट्टी आहे ना? उद्या बारा शेतं येतील, तेव्हा तिचं काय करणार तुम्ही?"

त्या पट्टीची खबर या माणसाला कशी, हे दोरवाल्याच्या मनातही आलं नाही. त्याने अंगठा उठवला.

आतल्या मांडवात पडदे ओढलेले, उदाचा धूर भरलेला. चौथा मंत्र झाला, पाचवा झाला, सहावा झाला. त्यांत काही नव्हतं. सातव्यासाठी पंडिताने त्याला अगदी जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं, "तिन्ही ऋतूंत जाऊन बस. पाणी साचतं का बघ. शेजारी बघ."

दोरवाला तसाच वाकून राहिला. म्हणाला, "पुढे?"

"पुढे काही नाही," पंडित म्हणाला. "हाच खरा आहे."

त्या नगरात एक रीत होती. जमीन हातची गेली की देणाऱ्याने घेणाऱ्याला शीव चालून दाखवायची, अनवाणी, शेजाऱ्यांच्या देखत. आठव्या दिवशी पंडित स्वतः शीव चालायला आला. भरजरी पागोटं धुळीने खराब होऊ नये म्हणून त्याने ते उतरवलं आणि डोक्यावर मळका पंचा टाकला.

दोरवाल्याची बायको चाकापाशी उभी होती. ती ओरडली, "अहो, हा तर तोच! तीन ऋतू इथं येऊन बसायचा तो! ह्याच हातानं पाणी दिलंय मी त्याला!"

पंडिताने तिला हात जोडले. "पाणी गोड होतं, माय. शेजारही चांगला."

दोरवाला पुढे निघाला, पण त्या पट्टीवर त्याच्या पायांना एकच चाल ठाऊक. तो वळला आणि बायकोकडे तोंड करून उलटा चालू लागला. जमलेली माणसं आधी हसली. मग तो नदीपर्यंत तसाच गेला, तेव्हा एकेक जण घरी परतला.

मग तो अंगणात दोर वळू लागला. अंगण दहा पावलांचं. दहा पावलांचे तुकडे गाठी मारून जोडायचे. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं, विहिरीचा जुना अखंड दोर झिजून तुटला, आणि त्याने चार गाठींचा नवा दोर दिला. कुणी हात लावीना, म्हणून बायकोच पुढे झाली. भरली घागर वर येत असताना तिसरी गाठ सुटली. बायको मागे दगडी ओट्यावर आदळली आणि तिचं मनगट मोडलं, चाक फिरवायचं तेच. ते सांधलं, पण वाकडंच. त्यानंतर त्या घरात चाक फिरलं नाही.

पट्टीवर पंडिताने वखार बांधली. रस्त्यावरून माल येई, नदीतून पुढे जाई. दोरवाला तिथे पोती वाहू लागला. आता तो सरळ पुढे चालतो. घरातून आवाज येत नाही. आमटी अळणी झाली की खारट, आळीला काही कळत नाही.

मांडव पुढच्या नगरात गेला. अंगठीवाला पंडिताचा आचारी होता, हेही उशिरा कळलं. त्या मांडवात चाळीस माणसं बसली होती, आणि विहिरीवरची ती वावडी अगदीच खोटी निघाली नाही. त्यातला एक माणूस वर्षाच्या आत जमिनीचा धनी झाला खरा. तो उंच आसनावर बसला होता.

म्हणून, बाळांनो आणि बाळांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: श्रीमंत व्हायची विद्या जो विकतो, त्याचं शेत म्हणजे त्याच्यासमोर बसलेली माणसं.