जानू घाड्याची उसंत

तिवरखोलच्या खाडीवर पूल नव्हता, पलीकडे जायचं तर होडीची वाट बघावी लागे आणि तापाला औषध म्हणजे देवीचा अंगारा, तेव्हाची ही गोष्ट. जरा सरकून जवळ बसा. ज्याची गोष्ट आहे तो माणूस मोठ्याने बोलत नसे, आणि त्याची गोष्ट ओरडून सांगायला मलाही जमत नाही.

तिवरखोलला भगवतीचं देऊळ आहे. भात घरात आलं की एका दुपारी सगळा गाव देवळासमोर जमतो आणि घाडी गाऱ्हाणं घालतो. घाडी म्हणजे गावाच्या वतीने देवीशी बोलणारा माणूस. ज्याला काही मागायचं असेल त्याने ते आधी घाड्याच्या कानात सांगायचं. घाडी कुणाचं नाव न घेता ते चारचौघांत देवीला सांगतो, आणि प्रत्येक मागण्यावर सगळा गाव एका आवाजात म्हणतो, ‘व्हय म्हाराजा.’ गावाने एकदा ‘व्हय’ म्हटलं की झालं. ते पुढे कुणालाही मोडता येत नाही.

जानू या घाड्यांच्या घरातला. त्याच्या बापाचा आवाज असा, की तो ऐकून खाडीतल्या होड्या आपोआप किनाऱ्याला लागत, असं म्हणतात. बाप गेला आणि मान जानूकडे आला. जानूचा आवाज मात्र मूल निजवताना आई बोलते तेवढाच. पहिल्या वर्षी लोक तोंडावर पदर आणि पंचा धरून हसले. मागच्यांना काही ऐकूच आलं नाही, तरी ‘व्हय म्हाराजा’ त्यांनी ठणकावून म्हटलं. गावाच्या जिभेला त्या शब्दांची सवयच तशी होती. एकदा तर जानूच्या बापाला गाऱ्हाण्याच्या मध्येच ठसका लागला होता, त्यालासुद्धा गावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणून टाकलं होतं.

पण जानू खालच्या आवाजात बोले ते असं, की ऐकणाऱ्याला वाटे हा माझंच सांगतोय. हळूहळू लोक ऐकायला पुढे सरकू लागले. पुढे सरकायचं तर दाटीवाटीने उभं राहावं लागे. बांधावरून वर्षभर तोंड फिरवलेले दोघे शेजारी असे खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि गाऱ्हाणं संपल्यावर बोलतच घरी गेले. दुधाचं भांडं लवंडणारी गायसुद्धा जानूने समजावली की उभी राही, असं म्हणतात. गायीचं मला ठाऊक नाही, माणसांचं खरं आहे.

मग एक वर्ष तापाचं आलं. घराघरांतली लहान मुलं गेली. गावचा मोठा मानकरी रावजी, त्याचा पहिला नातू बारशाआधीच गेला. त्याची सून गोदी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली ती बोलेनाच. रावजी काही दुष्ट माणूस नव्हता, पण दुःख त्याच्या हातात मावेना. गावात भागी नावाची म्हातारी सुईण होती, मागेपुढे कुणी नसलेली. सगळी बाळंतपणं तिच्याच हातची. रावजी म्हणू लागला की जिथे हिचे पाय लागले तिथेच मुलं गेली. भ्यालेल्या माणसांना कुणाकडे तरी बोट दाखवायला हवंच असतं. गावानेही मान डोलावली.

गाऱ्हाण्याच्या सकाळी रावजी जानूच्या कानाशी लागला. भागीला गावाबाहेर काढायचं, असं देवीपुढे बोल, म्हणाला. जानूने त्याच्या परोपरीने विनवण्या केल्या. रावजी म्हणाला, घाड्याने निवडानिवड करायची नसते. ते खरंच होतं. कानात पडलेलं गाऱ्हाणं गिळणारा घाडी देवीशी खोटा ठरतो.

रावजी गेला आणि भागी आली. गावात काय शिजतंय ते तिला ठाऊक होतं. जानूला वाटलं, आता ही पदर पसरून स्वतःसाठी काही मागेल. तिने मागितलं ते भलतंच. ते ऐकून जानू उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखा रडला, असं म्हणतात.

दुपारी गाव जमला. भागी सगळ्यांच्या मागे, फणसाखाली उभी होती. ढोल थांबला आणि जानू बोलू लागला.

“बा भगवती म्हाराजा, ज्या लेकीची ओटी भरून रिती झाली, तिका एकटी सोडू नको. तिचे डोळे पूस. तिका परत लेकरू दी, आनि तां लेकरू तुझ्या ह्या अंगणात खेळांदे.”

सगळ्यांचे डोळे भरले. ‘व्हय म्हाराजा’ असं उठलं की देवळाची घंटा कुणी न हलवता वाजली. सगळ्यांत मोठा आवाज रावजीचा होता.

आणि जानूने त्या दिवशी रीत मोडली. गाऱ्हाणं कुणाचं ते कधी सांगायचं नसतं, ते त्याने सांगितलं.

“ह्यां गाऱ्हाणां भागीचां,” तो म्हणाला. “आता दुसरां ऐका. बा भगवती म्हाराजा, त्याच भागीक गावाभायर काढ. तिच्या चुलीक कोनी इस्तू देऊ नये, तिच्या घागरीक पानी मिळू नये.”

आणि तो गप्प उभा राहिला.

गावाच्या ओठांवर आलेलं ‘व्हय’ तिथेच अडकलं. वारा पडला. भरतीचं पाणी किनाऱ्याशी येऊन थबकलं, असं म्हणतात. जानू कुणाकडे रागाने बघत नव्हता, नुसता वाट बघत होता. शेवटी रावजीने डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

“माझां होतां तां,” तो म्हणाला. “मी मागे घेतलंय.”

भागी गावातच राहिली. पुढे गोदीला दिवस गेले तेव्हा कंदील घेऊन भागीच्या दारात रावजी स्वतः गेला. मुलगी झाली. भागीने तिला पुसून गुंडाळून त्याच्या हातात दिलं, आणि एवढा मोठा मानकरी तिच्यासमोर हुंदके देऊन रडला. भागी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

जानू, भागी, रावजी सगळे केव्हाच गेले. तिवरखोलला आता पूल आहे, दवाखाना आहे आणि गाऱ्हाण्याला लाऊडस्पीकरही असतो. पण घाड्याचं बोलणं झालं की गाव लगेच ‘व्हय’ म्हणत नाही. एक श्वासभर सगळे गप्प राहतात. त्या थांबण्याला जानूची उसंत म्हणतात. बहुतेक वेळा त्यानंतर ‘व्हय म्हाराजा’ येतंच. एखाद्या वर्षी मात्र ती उसंत लांबते, लांबतच जाते, आणि गर्दीतून कुणीतरी खाली मान घालून म्हणतं, माझां होतां, मागे घेतलंय. त्याला कुणी हसत नाही. शेजारचा माणूस फक्त थोडा सरकून त्याच्या खांद्याला खांदा लावतो.